विकतचा वेग, जुळवलेला वेग

'ट्यूनिंग' हा शब्द माझ्या पिढीतल्या अनेकांना 'नीड फॉर स्पीड'ने शिकवला. 'अंडरग्राउंड' २००३ साली आला आणि पुढची काही वर्षं सायबर कॅफेत तोच चालू असायचा. रेस जिंकायची, पैसे मिळवायचे, गॅरेजात जायचं. नवा टर्बो, नवे टायर, खाली निऑन, मागे स्पॉयलर. पार्ट बसला की गाडी पळायला लागायची. ट्यूनिंग म्हणजे खरेदी, इतका सरळ हिशेब.

खऱ्या रेसिंगमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे ट्यूनिंग म्हणजे हाताशी आहे ते जुळवणं. तंबोरा लावताना दरवेळी नव्या तारा आणत नाहीत, असलेल्याच पिळून सुरात आणतात, तसं. टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, विंगचा कोन, गिअरचं प्रमाण, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती. यातली एक गोष्ट वाढवली की दुसरीकडे काहीतरी कमी होतं. फुकट काहीच मिळत नाही.

रेसिंग गेमचा चाळीसेक वर्षांचा इतिहास मला या दोन अर्थांमधल्या रस्सीखेचीसारखा दिसतो. ती रस्सीखेच आता आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आली आहे, म्हणून तो इतिहास सांगावासा वाटतो.

नाणं टाकून चालणारी गाडी

१९८२ साली जपानच्या नाम्को कंपनीने 'पोल पोझिशन' हा आर्केड गेम आणला. जपानमधलं फुजी सर्किट, आधी एक पात्रता फेरी, मग शर्यत. तेव्हा लोक चक्रावून गेले होते, कारण रस्ता खरंच आपल्या अंगावर येतोय असं वाटायचं. पण त्यातली गाडी म्हणजे पडद्याच्या तळाशी बसवलेलं एक चित्र होतं, आणि रस्ता तिच्याखालून सरकायचा. गिअर दोनच. जुळवण्यासारखं काही नाही.

याचं कारण तंत्रज्ञानाइतकंच धंद्यातही होतं. आर्केड मशिन नाण्यावर चालतं. मालकाला हवं असतं की पोराने यावं, नाणं टाकावं, अर्ध्या मिनिटात खेळ कळावा, दोन-चार मिनिटांत संपावा आणि मागच्याने पुढे यावं. अशा ठिकाणी 'मागच्या टायरमध्ये थोडी हवा कमी करून बघू' असं म्हणत बसणारा माणूस परवडत नाही. ट्यूनिंगला वेळ लागतो, आणि तिथे वेळ हीच विकायची वस्तू होती.

त्यामुळे जुळवण्याचा खेळ सुरू व्हायला यंत्र घरी यावं लागलं.

उलटा पंख

ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती कॉम्प्युटर होता. त्याच्या लोकप्रिय मॉडेलची मेमरी ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. या यंत्रासाठी जेफ क्रॅमंड नावाच्या इंजिनिअरने आधी 'एव्हिएटर' हा स्पिटफायर विमान उडवण्याचा गेम लिहिला, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर 'रेव्ह्ज' हा फॉर्म्युला थ्री गाडीचा गेम. त्याला मदत करणारा डेव्हिड हंट स्वतः फॉर्म्युला थ्रीचा ड्रायव्हर होता, विश्वविजेत्या जेम्स हंटचा भाऊ.

विमानाकडून रेस गाडीकडे हा प्रवास मला फार अर्थपूर्ण वाटतो. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतो. रेस गाडीची विंग म्हणजे तोच पंख, उलटा बसवलेला. ती गाडीला जमिनीवर दाबते. दाब वाढला की टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावर जास्त वेग ठेवता येतो. पण तीच विंग हवेला अडवते, त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडीचा वेग कमी पडतो.

'रेव्ह्ज'मध्ये पुढच्या आणि मागच्या विंगचा आकडा खेळाडूला स्वतः ठरवावा लागायचा. सर्किट होतं सिल्व्हरस्टोन, भरपूर वेगाचं. विंग जास्त ठेवली तर सरळ पट्ट्यावर मागचा ओलांडून जातो. कमी ठेवली तर वळणावर आपण गवतात. बरोबर उत्तर कुठेही छापलेलं नव्हतं. ते तुमच्या हातावर अवलंबून होतं. इथे गाडी चित्र राहिली नाही, ती एक गणित झाली, आणि त्या गणितातले दोन आकडे खेळाडूच्या हाती आले.

डावीकडेच वळणारी शर्यत

१९८९ साली अमेरिकेत पॅपिरस या छोट्या कंपनीने 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' काढला. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी ही त्यामागची जोडी. इंडियानापोलिसचा ट्रॅक म्हणजे अडीच मैलांचा, सुमारे चार किलोमीटरचा, कोपरे गोल केलेला आयत. चारही वळणं डावीकडे. शर्यत २०० फेऱ्यांची, गाड्या ३३. ऐकायला कंटाळवाणं. पण ट्यूनिंग शिकायला याच्याइतकी चांगली शाळा नाही, कारण तेच वळण परत परत येतं आणि बदललेल्या आकड्याचा परिणाम लगेच हाताला जाणवतो.

त्यात एक सेटिंग होतं 'स्टॅगर'. उजवीकडचा मागचा टायर डावीकडच्यापेक्षा किंचित मोठा ठेवायचा. कशासाठी? चहाचा कागदी कप आडवा ठेवून ढकलून बघा. त्याचं एक तोंड मोठं, एक लहान, म्हणून तो सरळ न जाता गोल फिरतो. स्टॅगर असलेली गाडीही तशीच स्वतःहून डावीकडे वळू पाहते. वळणावर मदत होते, सरळ रस्त्यावर मात्र स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं. पुन्हा तोच सौदा.

दुसरी शिकवण टायरच्या तापमानाची. चार-पाच फेऱ्या मारून पिटमध्ये यायचं आणि टायर कुठे किती तापलाय ते पाहायचं. मधला भाग जास्त गरम असेल तर हवा जास्त झाली, टायर पोटावर चालतोय. दोन्ही कडा गरम आणि मधला भाग थंड असेल तर हवा कमी. एकाच बाजूची कड जळत असेल तर चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, बिघडलाय. व्हील अलाइनमेंटच्या दुकानात 'कॅम्बर आउट आहे' असं मेकॅनिक म्हणतो, तोच हा कॅम्बर. तो टायरची झीज बघून जे सांगतो, ते हा गेम आकड्यांतून सांगत होता.

यातून एक शिस्त आपोआप लागायची. बाहेर जा, फेऱ्या मार, परत ये, मोज, एकच गोष्ट बदल, पुन्हा बाहेर जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. प्रयोगवहीत निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष असे रकाने आपण कॉपी करून भरले. इथे ते रकाने खरे व्हायचे, कारण निष्कर्ष चुकला की गाडी भिंतीवर.

पंख नसलेलं साल

क्रॅमंडने पुढे मायक्रोप्रोजसाठी फॉर्म्युला वनचा 'ग्रां प्री' लिहिला. त्यात नवशिक्यासाठी ब्रेक आपोआप लागणं, गिअर आपोआप बदलणं, रस्त्यावर योग्य रेषा दाखवणं अशा मदती होत्या, आणि त्या एकेक करून बंद करता यायच्या. आज जवळपास प्रत्येक रेसिंग गेममध्ये ही सोय दिसते.

पॅपिरसने १९९८ साली उलटी उडी मारली. 'ग्रां प्री लेजंड्स'साठी त्यांनी १९६७चा फॉर्म्युला वन हंगाम निवडला. त्या वर्षी गाड्यांना विंग नव्हत्याच, त्या पुढच्या वर्षी आल्या. म्हणजे अरुंद टायर, ताकदवान इंजिन आणि गाडीला दाबून धरणारं काहीही नाही. गेम इतका अवघड होता की पहिल्या दिवशी अनेकांना एक फेरीसुद्धा न घसरता पूर्ण करता यायची नाही. विक्रीच्या हिशेबाने तो पडला. पण जे टिकले, ते वर्षानुवर्षं खेळत राहिले आणि आपापल्या सेटअपच्या फाइल्स इंटरनेटवरून एकमेकांना देऊ लागले.

त्या देवाणघेवाणीत एक गंमत उघड झाली. सर्वांत वेगवान माणसाचा सेटअप आपल्या गाडीला लावला की आपण बहुतेकदा आणखी हळू होतो. त्याची गाडी मागून मोकळी असते, कारण ती सावरायचं कसब त्याच्या हातात असतं. आपल्या हातात तीच गाडी गरगर फिरते. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट अंगात चढतो, पण बसत नाही.

आधी घ्या, मग जुळवा

दोन्ही अर्थ एकत्र आणले ते 'ग्रान टुरिस्मो'ने. डिसेंबर १९९७मध्ये तो जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर पाच वर्षं घालवली होती. खेळाडूला सुरुवातीला १०,००० क्रेडिट मिळायचे. तेवढ्यात नवी स्पोर्ट्स कार येत नाही, म्हणून मुकाट्याने सेकंडहँड गाडी घ्यायची. मोठ्या शर्यतींसाठी लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या: इथे ब्रेक मार, या रेषेच्या आत थांब, हे वळण एवढ्या सेकंदांत घे. लायसन्ससाठी खरीखुरी कसोटी लागते, ही कल्पना आपल्याकडे जरा नवलाचीच.

स्प्रिंग, उंची, कॅम्बर, गिअर, सगळं त्यात बदलता यायचं. अट एकच: बदलता येणारं सस्पेन्शन आधी विकत घ्यायचं. म्हणजे जुळवण्याच्या दारावर खरेदीची पाटी होती, पण आत गेल्यावर जुळवावं लागायचंच. सगळ्यांत महाग पार्ट लावलेली गाडीही चुकीच्या गिअर प्रमाणाने हरायची. हा गेम १ कोटीहून जास्त प्रतींनी खपला. सस्पेन्शन म्हणजे काय हे जगभरच्या लाखो पोरांना गाडी चालवायचं वय होण्याआधी कळलं, ते त्यामुळे.

मग 'अंडरग्राउंड' आला. 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा सिनेमा २००१मध्ये येऊन गेला होता आणि रंगीबेरंगी, निऑन लावलेल्या गाड्यांची हवा होती. या गेमने त्यातली खरेदी उचलली आणि जुळवणी बहुतांशी सोडून दिली. पुढच्या वर्षीच्या 'अंडरग्राउंड २'मध्ये डायनोवर जाऊन स्प्रिंग आणि गिअर बदलायची सोय होती. पण तासाला पैसे मोजून कॅफेत बसलेला पोरगा तिकडे कशाला जाईल? कॅफेचं घड्याळ म्हणजे आर्केडच्या नाण्याचाच भाऊ. वेळ विकत घेतलेली असली की माणूस सगळ्यांत महाग पार्ट दाबतो आणि पुढे जातो.

फोनमधलं गॅरेज

२०१३ साली 'रिअल रेसिंग ३' फोनवर फुकट आला. ग्राफिक्स बघून डोळे विस्फारायचे. पण गाडी दुरुस्तीला दिली की थांबा, नवा पार्ट बसवायचा तर थांबा. खरोखरची मिनिटं आणि तास. थांबायचं नसेल तर सोनं खर्च करा, आणि सोनं संपलं की खरे रुपये. त्यावरून बरीच टीका झाली. आर्केडवाल्याने निदान खेळायचे पैसे घेतले होते. इथे न खेळण्याच्या वेळेतून सुटका विकली जात होती.

जुळवणीचा वारसा सांगणाऱ्यांचेही पाय याच वाटेवर घसरले. मार्च २०२२मध्ये 'ग्रान टुरिस्मो ७' बाजारात आल्यावर दोनच आठवड्यांनी एका अपडेटनंतर सर्व्हर ३० तासांहून जास्त वेळ बंद राहिले. एकट्याने खेळायच्या बहुतेक भागालाही इंटरनेट लागत असल्याने पूर्ण पैसे भरलेल्या लोकांचा गेम ठप्प झाला. त्यातच काही शर्यतींची बक्षिसं कमी केली गेली आणि गाड्या मात्र महागच राहिल्या. क्रेडिट खऱ्या पैशांनी घेता येत होते, त्यामुळे लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. शेवटी यामाउचीला माफी मागावी लागली आणि खेळाडूंना १० लाख क्रेडिट द्यावे लागले.

हे शिकून कुणाचं काय झालं?

रेसिंग हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. लहानपणी गो-कार्ट, मग सिंगल सीटर, प्रत्येक पायरीवर लाखांचा खर्च. सेटअपचं ज्ञानही त्याच भिंतीआड असायचं: ज्याच्याकडे टीम, त्याच्याकडे इंजिनिअर. गेमने ही भिंत थोडी तरी पाडली का?

थोडी नक्कीच पाडली. २००८मध्ये सोनी आणि निस्सानने 'जीटी अकॅडमी' सुरू केली. गेममधल्या वेगवान खेळाडूंना निवडून खऱ्या गाडीत बसवायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ, एमबीए करणारा विद्यार्थी. २०११मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम एलएमपी-२ गटात दुसरी आली. त्याच वर्षी कार्डिफचा यान मार्डनबरो अकॅडमी जिंकला आणि २०१३मध्ये ल माँमध्ये आपल्या गटात तिसरा आला. अमेरिकेत विल्यम बायरन 'आयरेसिंग'वर शिकला. हे सिम्युलेटर 'इंडियानापोलिस ५००'वाल्या केमरनेच उभं केलेलं. बायरनने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकली.

पण मार्डनबरोच्या गोष्टीचं दुसरं पानही वाचायला हवं. मार्च २०१५मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या फ्लुगप्लाट्झ या उंचवट्यावर त्याच्या गाडीचं नाक हवेत उचललं गेलं, गाडी कुंपणावरून उडाली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. २०२३च्या 'ग्रान टुरिस्मो' सिनेमात हा अपघात ल माँच्या यशाआधी घडलेला दाखवलाय, म्हणजे पडून सावरण्याची गोष्ट नीट जमते. प्रत्यक्षात तो नंतर घडला. विंग गाडीला खाली दाबते आणि हवा गाडीखाली शिरली की तिला वर उचलते, हे गेममध्ये शिकता येतं. कुंपणापलीकडे माणसं उभी आहेत, ही गोष्ट गेममध्ये फक्त चित्र असते. रिस्टार्टचं बटण असलेल्या ठिकाणी भीतीचा अभ्यास होत नाही.

आपल्याकडचं सर्किट

हे सगळं वाचून कुणाला एकदा जुळवून बघावंसं वाटलं, तर मी एक ओळखीचं उदाहरण देते. ग्रेटर नोएडाजवळचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, लांबी ५.१२५ किलोमीटर. तिथली पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. कोडमास्टर्सचा 'एफ-वन २०११' हा गेम त्याआधी सप्टेंबरमध्येच आला होता आणि त्यात हे सर्किट होतं. म्हणजे भारतातल्या कितीतरी खेळाडूंनी खऱ्या ड्रायव्हरांच्या आधी तिथे फेऱ्या मारल्या.

त्या सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्यानंतर वळणांची रांग. पहिला मोह होतो विंग कमी करायचा. केली, तर पट्ट्यावर आकडा छान दिसतो आणि पुढच्या वळणांत तो सगळा वेळ परत जातो. मग विंग मधोमध आणायची आणि गाडीकडे लक्ष द्यायचं. वळणात स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेर सरकतंय? हे अंडरस्टिअर. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी दांडी, थोडा मऊ करायचा. उलट, मागचा भाग निसटतोय? हे ओव्हरस्टिअर. मग मागचा बार मऊ करायचा. एका वेळी एकच बदल, चार फेऱ्या, वहीत नोंद. महाग स्टिअरिंगवाचून, साध्या गेमपॅडवरही हे जमतं.

यातून लॅप टाइम अर्धा सेकंद कमी होईल, कदाचित होणारही नाही. हाती लागते ती एक सवय. समोर कुठलाही स्लायडर आला, की तो वाढवण्याआधी आपण विचारतो: याच्या बदल्यात काय जाणार? विकतच्या वेगाचा सगळा कारभार हा प्रश्न आपण विचारू नये यावर चालतो. 'अपग्रेड'च्या बटणावर फक्त वर जाणारा हिरवा बाण असतो, खाली जाणारा लाल बाण कधी दाखवत नाहीत. खऱ्या गाडीत तो लाल बाण असतोच, आणि गाडीबाहेरच्याही बऱ्याच गोष्टींत असतो.

बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन तीनच वर्षं आली. २०१३नंतर परतली नाही. त्या तीन वर्षांचे गेम ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी ते सर्किट अजून उघडं आहे, आणि तिथे मागची विंग किती ठेवायची यावर त्यांचं आजही एकमत होणार नाही.